उजेड दिसतोय, घास अजून

ऑगस्ट उलटता उलटता नवी बॅच शॉपमध्ये उभी राहते आणि पुढचे तीन आठवडे तिथून एकच आवाज येतो. वीस व्हाइस, वीस पोरं, वीस कानशी. व्हरांड्यातून जाणाऱ्याला तो नुसता गोंगाट वाटतो. मला मात्र दाराबाहेरूनच कळायचं, आत किती जण काम करताहेत आणि किती जण नुसतेच हात हलवताहेत. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना कापत नाही. म्हणून जाताना भरीव खर्र आणि येताना शांतता, असा ठेका पाहिजे. येतानाही ती कुरकुरत असेल, तर पोरगं दोन्हीकडून रेटतंय आणि कानशीचे दात मारतंय. मी जोडारीचा, म्हणजे फिटर ट्रेडचा निदेशक. १९९७ ते २०२५ अशी अठ्ठावीस वर्षं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी आयटीआयमध्ये हाच ठेका ऐकत काढली.

फिटरची सुरुवात लोखंडी पट्टीचा एक तुकडा सपाट करण्यापासून होते. ऐकायला सोपं आहे. पण कानस पुढे ढकलताना हात नकळत झोका घेतो. आधी पुढचं टोक दबतं, मग मागचं, आणि जो पृष्ठभाग सपाट व्हायचा तो मधेच फुगतो. आम्ही म्हणतो, जॉबला पोट आलं. मग त्यावर गुण्याची कड उभी धरायची आणि खिडकीकडे तोंड करून बघायचं. कड आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला, की घास अजून. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला आठ. तळव्याला फोड येतात, फुटतात. “सर, मशीनवर दोन मिनिटांत होतंय की हे,” असं प्रत्येक बॅचमध्ये एक तरी म्हणतोच. बरोबर आहे त्याचं, होतंय. मीही शिकत असताना माझ्या सरांना हेच ऐकवलं होतं. (बारा इंची बास्टर्ड कानस हातात देताना तिचं नाव सांगितलं की सगळी बॅच फिदीफिदी हसते. एकही बॅच याला अपवाद निघाली नाही, आणि मीही दरवेळी हसू दाबतच राहिलो.)

मग एका दुपारी उजेड दिसत नाही. पोरगं गुण्या फिरवून बघतं, आडवा धरून बघतं, तिरका धरून बघतं. विश्वास बसत नाही. लगेच माझ्याकडे येत नाही, आधी शेजारच्या व्हाइसवाल्याला दाखवतं. मी लांबून बघत असतो आणि मुद्दाम जात नाही. दहावीला अडतीस-चाळीस टक्के मिळवून आलेलं हे पोर. गणिताच्या वहीवर लाल रेघा बघत मोठं झालेलं. ‘बरोबर’ हा शब्द त्याला क्वचितच कुणी ऐकवलेला असतो. आणि इथे तो ऐकवणारा मास्तर नसतो, गुण्या असतो. गुण्याला कुणाचं मन राखायचं नसतं, हे पोरालाही कळतं.

या कामाकडे मी शिकवण्याच्या ओढीने आलो, असं सांगितलं तर चांगलं दिसेल, पण ते खरं नाही. आयटीआय करून चिंचवडच्या एका कंपनीत टूलरूमला नऊ वर्षं होतो. तिकडे वडील थकले, चार एकर रान पडीक पडायला लागलं. जाहिरात आली तेव्हा मी एवढंच बघितलं की हे गाव आमच्या गावापासून एसटीने पाऊण तासावर आहे. सुरुवातीला पगारही कंपनीपेक्षा कमी होता. सासुरवाडीत मात्र वजन वाढलं, ‘जावई मास्तर झाले’ म्हणून.

मास्तर झालो खरा, पण कोणता? शिक्षकदिनाला नगरपालिका गावातल्या सगळ्या शिक्षकांचा नारळ देऊन सत्कार करते. शाळेचे येतात, कॉलेजचे येतात. आमचं नाव यादीत कधी आलं नाही, आणि ते मुद्दाम गाळलं असंही नाही. आम्ही कुणाच्या डोक्यातच नसतो. आमचं सगळं घोंगडं पूर्वी केंद्रात श्रम मंत्रालयाच्या खुंटीला होतं. २०१५ मध्ये ते नव्या कौशल्य विकास मंत्रालयाच्या खुंटीला गेलं. शिक्षण खात्याच्या नाही. पदाचं नावही असं, की मराठी माणसाला ते ‘निर्देशक’ची चूक वाटते आणि हिंदी माणसाला भलतंच काही. घरबांधणीचं कर्ज काढायला गेलो, तर बँकेतला नवा उत्तर भारतीय अधिकारी अर्जावर ‘शिल्प निदेशक’ वाचून खुर्चीतून अर्धा उठला. हिंदीत निदेशक म्हणजे डायरेक्टर. पगाराची स्लिप बघितल्यावर बसला परत.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी पीएचडी करणारी एक मुलगी आमच्याकडे प्रश्नावली घेऊन आली. विषय होता व्यवसाय प्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांचं कार्यसमाधान. चाळीस विधानं, प्रत्येकापुढे ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच चौकोन. मी तिथेच बसून भरून दिली. तिने चाळून बघितली आणि म्हणाली, “सर, तुमचं काहीतरी गडबडलंय. साधनसामग्री पुरेशी आहे, पूर्णतः असहमत. कामाची योग्य दखल घेतली जाते, पूर्णतः असहमत. बढतीच्या संधी, तेच. आणि पुन्हा संधी मिळाली तर हाच पेशा निवडाल का, तर पूर्णतः सहमत?”

गडबडलं काहीच नव्हतं. साधनसामग्रीचंच सांगतो. फिटरला पोटापाण्याइतकी कच्च्या मालाची गरज. एक बॅच दोन वर्षं घासणार, कापणार, ड्रिल मारणार, तर लोखंड लागणारच. माल वेळेवर आला अशी वर्षं मी बोटांवर मोजीन. मग जुने जॉब पुन्हा घासायचे. पंच्याहत्तर मिलीमीटरचा चौकोन पुढच्या बॅचला सत्तरचा होतो, त्याच्या पुढच्या बॅचला पासष्टचा. एकदा तर एका तुकड्यावर चार बॅचेसचे हजेरी नंबर पंच केलेले मी बघितले, एकाखाली एक, देवळाच्या पायरीवर कोरलेल्या नावांसारखे. भंगारवाल्याकडून स्वतःच्या पैशाने पट्ट्या आणणारा निदेशक मी एकटाच होतो असं नाही. सगळेच आणत, आणि कुणी बोलत नसे, कारण बोललं की त्याचा जावक क्रमांक लागतो.

दुसऱ्या बाजूला पैसा येतही होता. २००७-०८ मध्ये केंद्राने देशातल्या १३९६ सरकारी आयटीआयसाठी योजना काढली. स्थानिक उद्योजकाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची आणि प्रत्येक संस्थेला अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज द्यायचं. पुढच्या काळात अशाच कुठल्यातरी निधीतून एके ठिकाणी सीएनसी मशीन आलं. ते मी पाहिलेलं आहे. मशीन आलं, त्याला हार घातला, फोटो काढला. त्याला पुरेल असा वीजदाब त्या शॉपमध्ये नव्हता. दोन पावसाळे ते प्लास्टिक पांघरून बसून होतं. दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत त्यालाही हळदकुंकू लागायचं. तेवढंच काय ते त्याला हात लागत होते.

बाकी कटकटी कुठल्याही सरकारी माणसाच्याच. निवडणुकीची ड्युटी, पोर्टलवर फोटो चढवणं, एकच माहिती तीन नमुन्यांत. २०१३ मध्ये सत्र पद्धत आली, सगळी रजिस्टरं बदलली. २०१८ पासून पुन्हा वार्षिक पद्धत, रजिस्टरं पुन्हा बदलली. थिअरीची परीक्षा वस्तुनिष्ठ झाली आणि पुढे कॉम्प्युटरवर गेली. डव्हटेल जोडताना मधे केस शिरणार नाही असा जॉब करणारी पोरं माउस धरताना घामेघूम झालेली मी बघितली.

त्या मुलीने मला फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. त्याने पिट्सबर्गच्या भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारलं होतं, कामावर सगळ्यात बरं कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी. १९५९ मध्ये त्याचं पुस्तक आलं. उत्तरांच्या दोन वेगळ्या याद्या निघाल्या. पगार, साहेब, नियम, कामाची जागा या वाईट वाटण्याच्या यादीत जास्त. स्वतःच्या हातून काही साधणं, कुणी ते ओळखणं, खुद्द काम या बरं वाटण्याच्या यादीत. म्हणजे पहिली यादी सुधारली तर कटकट थांबेल, आनंद येईलच असं नाही. ती म्हणाली, “तुमचं उत्तर त्यात बरोबर बसतं.” बसतं खरं. दोनशे जणांत एखादा फिटरही विचारला असता तर बरं झालं असतं, असं मात्र मला वाटून गेलं.

पण रात्री घरी मला दुसरंच आठवलं. आमच्याकडे तासिका तत्त्वावर एक निदेशक होते. अकरा वर्षं होते. जेवढ्या तासिका घेतील तेवढ्यांचे पैसे, तेही अनुदान आलं की. परीक्षेच्या काळात तासिका नाहीत म्हणजे पैसे नाहीत, उन्हाळ्यात नाहीत, दिवाळीत नाहीत. त्यांच्याइतका चांगला शिकवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. पोरांच्या हाताला हात लावून कानस कशी तोलायची ते दाखवायचे, मला कधी तेवढा धीर नव्हता. एकदा चहाच्या टपरीवर मी असंच काहीतरी बोललो, की आपल्या कामात पैसा नसेल पण समाधान आहे. ते हसले. म्हणाले, “तुमचं समाधान एक तारखेला जमा होतं, सर.” राग नव्हता त्यांच्या आवाजात, त्यामुळे जास्त लागलं. २०१९ मध्ये ते सोडून गेले. आता गेट-ग्रिल करतात आणि बरं चाललंय. मला भेटले की पोरांची चौकशी करतात, संस्थेची नाही. हर्झबर्गच्या दुसऱ्या यादीतलं सगळं त्यांच्यापाशी होतं, माझ्यापेक्षा जास्त होतं. पण पोरीच्या शाळेची फी पहिल्या यादीतून भरावी लागते. त्यानंतर नोकरीतल्या समाधानावर मी चारचौघांत बोललो नाही. आज बोलतोय.

आता एका पोराचं सांगतो. २००७ ची बॅच. पहिल्याच दिवशी त्याने कानस अशी धरली, की मी थांबून बघितलं. पकड पक्की, पण हाताला लांबलचक झोका. विचारलं, “कुठं शिकलास रे?” तर म्हणाला, “घरीच. बाप रोज रात्री कोयत्याला कानस लावतो, मीबी लावतो.” ऊसतोडीचं घर. कोयत्याची धार गोलसर, तिथे झोका लागतोच. सपाटीला तोच झोका घातक. बाकीच्यांना कानस शिकायची होती, याला आधी विसरायची होती. त्याच्या जॉबचं पोट सगळ्यात उशिरा गेलं आणि तो सगळ्यात जास्त चिडायचा. एकदा चिडून कानस आपटली. कानस कडक असते, तशीच ठिसूळ. दोन तुकडे झाले. मी काही बोललो नाही. तुकडा त्याच्या हातात दिला आणि मोडलेली कड दाखवून पोलादाचे दाणे कसे दिसतात ते सांगितलं. अभ्यासक्रमात तो धडा बराच पुढे होता.

दिवाळी झाली आणि पोरगं यायचं बंद झालं. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर वर्ग विरळ होतात हे नवीन नाही. पण याचं ठरलं होतं, आजीपाशी राहून शिकायचं. मी त्याच्या वस्तीवर गेलो. आजीने सांगितलं, आई ऐनवेळी आजारी पडली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल त्या हिशेबाने घेतलेली, बायको नाही तर अर्धाच कोयता, आणि अर्ध्या कोयत्याने उचल फिटत नाही. म्हणून आईच्या जागी पोरगं गेलं, सांगलीकडच्या फडावर. “काय करावं, सर,” म्हातारी म्हणाली. हा प्रश्न नव्हता, पण मला तो प्रश्नासारखा लागला.

परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी पाहिजे. इतके दिवस सलग गैरहजर म्हणजे नाव कमी करायचं, नियम स्पष्ट आहे. नोटीस मीच लिहिली आणि मीच ती चार दिवस टेबलाच्या खणात ठेवली. मग आजारपणाचा एक दाखला निघाला. आजारी आई होती, दाखला पोराच्या नावाचा निघाला. कसा निघाला ते सांगत नाही. त्याबद्दल मला तेव्हा भीती वाटली होती, वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी तो परत आला. उंच झाला होता, रापला होता, हाताच्या तळव्याला माझ्यासारखे घट्टे. मी रविवारी शॉप उघडायला लागलो. तोंडी परवानगी होती, लेखी कुणी देत नाही. सात-आठ रविवार आम्ही दोघंच. एकटी कानस रिकाम्या शॉपमध्ये वेगळी वाजते. एका रविवारी मी डबा खात होतो आणि ठेका ऐकून घास हातातच राहिला. जाताना खर्र, येताना शांत. झोका गेला होता. मी उठलो नाही, मागे वळूनही बघितलं नाही. दहा मिनिटं नुसता ऐकत बसलो. त्या मुलीच्या प्रश्नावलीत ‘हाच पेशा निवडाल का’ याच्यापुढे मी जी खूण केली ती या दहा मिनिटांची, हे तिला कसं सांगणार?

तो पास झाला. आमच्या पोरांना तेव्हा महिन्याला चाळीस रुपये विद्यावेतन मिळायचं. ते पाचशे करण्याचा निर्णय व्हायला २०२३ उजाडावं लागलं. या पोराने आपले चाळीस-चाळीस साठवून शेवटच्या दिवशी सगळ्या शॉपला भेळ दिली. पाया पडला आणि गेला.

आठवड्याने वार्षिक साठा पडताळणी झाली आणि एक सहा इंची गुण्या कमी निघाला. आमच्याकडे डेडस्टॉक रजिस्टरला हत्यार कमी आलं की वसुली निदेशकाच्या पगारातून. एकशे ऐंशी रुपये होते बहुतेक. रकमेचं काही नव्हतं, पण पावती ज्या लिपिकाने फाडली तो म्हणाला, “तुमची पोरं!” मी ऐकून घेतलं. मला शंका होती. शंका कशाला, खात्री होती, कारण चौदा नंबरचाच गुण्या गेला होता आणि ते पोरगं चौदा नंबरच्या व्हाइसवरचं होतं.

२०१७ मध्ये वाळूजला गेलो होतो, भाच्याच्या लग्नाला. एमआयडीसीच्या पाठीमागच्या रस्त्याला टेम्पो थांबला, सायलेन्सरचा पाइप सुटला होता. ड्रायव्हर शेजारच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेला आणि मी पण पाय मोकळे करायला उतरलो. आत चार पोरं काम करत होती. मालक वेल्डिंगची काच वर करून आला आणि बघतच राहिला. “सर?” आवाजावरून ओळखला. पोट सुटलं होतं, त्याचं स्वतःचं.

खुर्ची पुसली, चहा मागवला. काही वर्षं एका कंपनीत काढली, मग ही शेड भाड्याने घेतली, आई-बाप आता इथेच असतात, कोयता बंद केला, असं सगळं एका दमात सांगितलं. मी ऐकत होतो आणि माझी नजर त्याच्या मागच्या भिंतीवर होती. पत्र्याच्या फळीवर खिळ्यांना हत्यारं टांगलेली, प्रत्येकामागे रंगाने त्याची आकृती काढलेली. आमच्या शॉपमध्ये होती तश्शी. आणि मधोमध सहा इंची गुण्या. त्याने माझी नजर पकडली. बोलायचा थांबला. पोरं काम करत होती, ग्राइंडरचा आवाज होता, तरी तिथे एकदम शांत झालं.

मी उठलो आणि गुण्या काढला. पात्यावर पंच केलेला १४ अजून वाचता येत होता, वापरून वापरून कडा गुळगुळीत झाल्या होत्या. टेबलावर पत्र्याचा एक तुकडा पडला होता. त्याची सरळ कड धरून मी गुण्या लावला आणि सळईच्या टोकाने एक रेघ ओढली. मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी. गुण्या जरा जरी बाहेर गेला असेल तर दोन रेघा वर जाताना फाकतात. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

“पाडलेला दिसत नाही कधी,” मी म्हणालो आणि गुण्या त्याच्या खिळ्याला परत लावला. चहा आला होता.